हरायचं, पण जमीन विकून नाही

संगमनेर

चि. सोनू,


परवा दादा अकोले रस्त्याकडच्या वावराचा विषय काढून गेला. गिऱ्हाईक आलंय, भाव बरा आहे, दिवाळीआधी विसार घेऊन टाकतो म्हणाला. पैसे कशाला हवेत ते त्याने सांगितलं नाही, वहिनीने सांगितलं. तुला दोन वर्षं बाहेरच्या स्पर्धा खेळायच्या आहेत आणि अमेरिकेतल्या विद्यापीठाचं जे पत्र आलंय त्याला तू नकार कळवणार आहेस. कॉलेजात गेलेली मुलगी टेनिसमधून गेलीच, असं तुझे कोच म्हणतात म्हणे. फोनवर तू "बघू गं आत्या" म्हणून सटकतेस, म्हणून हे पत्र. मी जन्मभर शाळेत खो-खो शिकवला. बॅकहँडबद्दल मी तुला काही शिकवू शकत नाही. पण खेळणाऱ्या मुली खेळ का सोडतात, हे मी भरपूर पाहिलंय. हरल्या म्हणून फार थोड्या सोडतात. घरच्यांचे पैसे आपल्यामुळे संपले, या ओझ्याने जास्त सोडतात.

तुला झांग शुआई माहीत आहे. चीनची, तियांजिनची. आपल्या मुलींची आणि तिची गाठ पुन्हा पुन्हा पडलेली आहे. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सानिया मिर्झाबरोबर आपली बार्शीची प्रार्थना ठोंबरे खेळली, तेव्हा पहिल्याच फेरीत समोर झांग आणि पेंग शुआई. तिसरा सेट ७-५ ने गेला. २०१८ ला जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत पुण्यात घडलेली अंकिता रैना उपांत्य फेरीपर्यंत पोचली, तिथेही समोर झांगच. अंकिताला कांस्यपदकावर थांबावं लागलं. ही बातमी वाचताना आपल्याला वाटतं, चीनची पोरगी म्हणजे काय, मशीनच असणार. आता त्या मशीनचं खरं ऐक. ग्रँड स्लॅमच्या मुख्य फेरीत ती ओळीने १४ वेळा पहिलाच सामना हरली होती. २०१६ च्या जानेवारीत ती ऑस्ट्रेलियाला गेली तेव्हा खेळ सोडायचं मनात घोळत होतं, आईवडिलांनाही सामना बघायला बोलावून घेतलं होतं. पात्रता फेरीतून आली, पहिल्या फेरीत दुसरं मानांकन असलेली सिमोना हालेप समोर होती, आणि तिला तिने सरळ दोन सेटमध्ये हरवलं. तिथून उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेली. पुढे समांथा स्टोसरबरोबर दुहेरीत २०१९ ची ऑस्ट्रेलियन आणि २०२१ ची अमेरिकन ओपन जिंकली.

बरं, इथे गोष्ट संपली असती तर मी ती तुला सांगितलीच नसती. असल्या गोष्टी शाळेच्या स्नेहसंमेलनात पाहुणे सांगतात. २०२३ च्या सुरुवातीनंतर ती पुन्हा हरायला लागली. एकेरीत ओळीने २४ सामने. क्रमवारीत ५९५ वर घसरली. २०२४ च्या सप्टेंबरअखेर, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, बीजिंगमध्ये मॅकार्टनी केसलरला हरवून ती साखळी तुटली. लगेच पुढच्या फेरीत तिने एमा नवारोला घरी पाठवलं. नवारो तेव्हा जगातल्या पहिल्या दहांत होती.

यात तुझ्या कामाच्या दोन गोष्टी आहेत. पहिली अशी की केसलर फ्लोरिडा विद्यापीठाकडून खेळलेली आणि नवारो व्हर्जिनियाकडून. कॉलेजात गेलेल्या मुली टेनिसमधून जातात, तर या दोघी बीजिंगला काय करत होत्या, एवढं तुझ्या कोचना विचार. २०२२ ला ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम फेरीत गेलेली डॅनियल कॉलिन्सही व्हर्जिनियाचीच. तुझे कोच खोटं बोलतात असं मी म्हणत नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर तिकडे जाऊन परत रॅकेट न धरलेल्या मुली असतील. पण त्या मुलींना विद्यापीठाने अडवलं होतं की त्यांनाच पुरे झालं होतं, हे विचारल्याशिवाय मी ते वाक्य मान्य करणार नाही.

दुसरी गोष्ट पैशाची, आणि ती जास्त महत्त्वाची. झांग २४ सामने हरू शकली, कारण हरणं तिला परवडत होतं. २०२४ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये एकेरीच्या पहिल्याच फेरीत हरणाऱ्यालाही एक लाख वीस हजार ऑस्ट्रेलियन डॉलर मिळत होते, म्हणजे आपले साठ लाखांच्या वर. आता तू जिथून सुरुवात करणार त्या पंधरा हजार डॉलरवाल्या स्पर्धेकडे बघ. पंधरा हजार हा एकट्या विजेतीचा आकडा नाही, सगळ्या खेळाडूंत वाटायच्या रकमेचा आहे. मोनास्तिर, अंताल्या किंवा शर्म एल शेखला विमानाने जायचं, आठवडाभर राहायचं-खायचं, आणि पहिल्या फेरीत हरलीस तर हातात दोनशे डॉलरही नाहीत. अख्खी स्पर्धा जिंकलीस तरी क्रमवारीचे गुण १५. ग्रँड स्लॅमला गुण असतात २०००, आणि एकेरीच्या मुख्य फेरीत क्रमवारीवर थेट जागा फक्त १०४ जणींना. पराभव तोच, टाळ्या नसणंही तेच, पण किंमत किती वेगळी! तू अठराव्या वर्षी सर्वांत महागात हरायला निघाली आहेस, आणि बिल दादाच्या नावावर आहे.

चीनमध्ये हे बिल सरकार भरायचं. लहान वयात मुलं क्रीडाशाळेत जायची. कोच, प्रवास, खाणं सगळं संघाचं, आणि मग बक्षिसाचा मोठा वाटाही संघाचाच. कुठे खेळायचं, कुणाबरोबर खेळायचं हे अधिकारी ठरवायचे. त्यांचीच ली ना याला कंटाळून २००२ मध्ये टेनिस सोडून वुहानच्या विद्यापीठात पत्रकारिता शिकायला गेली. दोन वर्षांनी परतली. २००८ च्या अखेरीस तिला आणि आणखी काही जणींना स्वतःचा कोच नेमायची, कमाई बरीचशी स्वतःकडे ठेवायची मोकळीक मिळाली, आणि २०११ ला तिने फ्रेंच ओपन जिंकली. २०१४ ला ऑस्ट्रेलियन. तिच्या फ्रेंच ओपनआधी आशियातल्या कुणालाही एकेरीत ग्रँड स्लॅम जिंकता आलं नव्हतं. मधली दोन वर्षं वर्गात बसल्याने तिचं काय बिघडलं? त्यांच्या मुलींना धडपडून मिळालेली ती मोकळीक आपल्या मुलींना पहिल्या दिवसापासून आहे. आपल्याकडे कुणी अडवत नाही, आणि भरतही नाही. बापाचा प्रॉव्हिडंट फंड भरतो, नाहीतर वावर भरतं.

आता आपल्या जिल्ह्यातलीच गोष्ट. लोणी-बाभळेश्वरवरून श्रीरामपूर किती लांब? ऋतुजा भोसले तिथे जन्मली, १९९६ ला. ज्युनियरमध्ये नाव काढलं आणि मग ती काय करती झाली, तर टेक्सास ए अँड एम विद्यापीठात गेली. त्यांच्या संघाकडून खेळली, शिकली, परत आली आणि पुन्हा त्याच छोट्या स्पर्धांना लागली. २०२० च्या मार्चमध्ये दुबईला भारताचा महिला संघ फेड कपच्या प्ले-ऑफपर्यंत पहिल्यांदा पोचला, त्या संघात ती होती. ३० सप्टेंबर २०२३ ला चीनमध्येच, हांगझौच्या आशियाई स्पर्धेत, रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचा अंतिम सामना. चायनीज तैपेईची जोडी समोर. पहिला सेट २-६ गेला. पुढचा ६-३, आणि सुपर टायब्रेक १०-४. त्या स्पर्धेतलं टेनिसमधलं भारताचं ते एकमेव सुवर्ण. ती तेव्हा २७ वर्षांची होती. अठराव्या वर्षी तिने कॉलेज निवडलं म्हणून हे हुकलं का?

उलट बाजूही सांगते, नाहीतर आत्या सोयीचं तेवढं लिहिते म्हणशील. अंकिता रैना अमेरिकेला गेली नाही. पुण्यात हेमंत बेंद्रे यांच्याकडे राहून घडली, छोट्या स्पर्धांमधून वर चढली, २०१८ मध्ये एकेरीत पहिल्या दोनशेत आली. मला तिच्याबद्दल फार आदर आहे. पण तिच्यासारखी चिकाटी आहे की नाही हे अठराव्या वर्षी कुणालाच कळत नाही, तुलाही नाही. तुला ते कळेपर्यंतचा खर्च दुसरं कुणी करत असेल तर करू दे.

आणि अमेरिकेतली विद्यापीठं तो करतात. १९७२ ला अमेरिकेत टायटल नाइन नावाचा कायदा झाला, त्यामुळे सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलींना मुलांच्या बरोबरीने संधी द्यावी लागते, खेळातही. तुला जे पत्र आलंय ते त्या कायद्याचं फळ आहे, कुणाचे उपकार नाहीत. कोच, फिजिओ, जिम, कोर्ट, आणि हरलीस तरी रात्रीचं जेवण. संघाचे सामने साधारण जानेवारी ते मे. उन्हाळ्याच्या सुट्टीत तुझ्या त्या पंधरा हजारवाल्या स्पर्धा खेळ की! क्रमवारी कुठे पळून जात नाही. तिथे दुहेरीही खेळावी लागते, आणि ती तू जिवावर आल्यासारखी खेळतेस हे मी नाशिकला बघितलंय. प्रार्थना, ऋतुजा, सानिया, सगळ्यांची सर्वांत मोठी पदकं दुहेरीतली किंवा मिश्र दुहेरीतली. तुझी सर्व्हिस बेताची आहे, हात नेटजवळ चांगला आहे. हे मला खो-खोवालीला दिसतं तर तुला का दिसू नये?

दादाशी मी बोलले आहे. तो ऐकणार नाही, त्याला वाटतं जमीन विकली नाही तर मुलीवर विश्वास दाखवला नाही. त्याला तूच सांगायला हवं, तेही समोर बसून. मला नको म्हणून सांग, परवडत नाही म्हणून नको. पुढच्या शनिवारी ये. चंदनापुरी घाट उतरलीस की फोन कर, मी स्टँडवर येते.

येण्याआधी मात्र त्या विद्यापीठाच्या कोचला एक ई-मेल पाठव. शिष्यवृत्ती चारही वर्षांची आहे की दरवर्षी नव्याने ठरते? उन्हाळ्यात बाहेरच्या स्पर्धा खेळायला मुभा आहे का? बक्षिसाचे पैसे घेतले तर पात्रतेवर परिणाम होतो का? संघात किती मुली आहेत आणि पहिल्या वर्षी मला दुहेरीत किती सामने मिळतील? दुखापत झाली तर फी कोण भरणार? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लेखी घे, फोनवर घेऊ नकोस.

तुझी,
आत्या