अलंकार पाठ होतात, पण कळत का नाहीत?

प्रश्न : मी पंचवटीतील शाळेत आठवीला मराठी शिकवते. मुले अलंकारांच्या व्याख्या घडाघडा म्हणतात, पण कवितेत अलंकार ओळखता येत नाहीत. काय करावे?
– एक शिक्षिका, नाशिक

उत्तर : व्याख्या शेवटी ठेवा, आधी कविता. बालकवींची ‘औदुंबर’ घ्या. अवघ्या आठ ओळींची असल्याने एका तासिकेत पुरते. पहिल्या वाचनात अलंकाराचे नावही काढू नका. ‘काय काय दिसले? कोणते रंग आले?’ एवढेच विचारा. दुसऱ्या वाचनानंतर विचारा, ‘यातले कोण माणसासारखे वागते?’ मुले झाडाकडे बोट दाखवतील. मग फळ्यावर लिहा : चेतनगुणोक्ती.

पुढचा तास सीतागुंफेजवळच्या वडांखाली घ्या. एकाच पारंबीवर चार वाक्ये करवून घ्या :

‘पारंबी दोरासारखी लोंबते’ – उपमा.
‘पारंबी जणू दोरच’ – उत्प्रेक्षा.
‘पारंबीचा दोर धरून वारा झुलतो’ – रूपक, शिवाय वारा झुलतो म्हणून चेतनगुणोक्तीही.
‘वड हात लांबवून माती चाचपतो’ – चेतनगुणोक्ती.

एका ओळीत दोन अलंकार असू शकतात, हे इथेच कळते. मात्र ‘सारखे’, ‘जणू’, ‘वाटते’ हे शब्द केवळ खूण आहेत. ‘उद्या पाऊस येईलसे वाटते’ यात ‘वाटते’ असूनही उत्प्रेक्षा नाही, कारण तुलनाच नाही.

शेवटी प्रत्येक ओळीतून अलंकार काढून ती साध्या गद्यात लिहायला सांगा आणि काय हरवले ते विचारा. परीक्षेत गुण ओळखण्याला मिळतील, पण कवितेची गोडी या प्रश्नातून लागेल.