हाडाला रजा कळत नाही

छत्रपती संभाजीनगरातल्या पुंडलिकनगरात आमच्या घरचं वेळापत्रक नळ ठरवतो. पाणी येणार त्या दिवशी वहिनी माहेरी जात नाही, आई देवळात जात नाही आणि दादा कंपनीतून थेट घर गाठतो. नळ आपल्या सोयीने येत नाही हे या घराने कधीच मान्य केलंय. मी याच घरात वाढलो. तरीही डिसेंबर २०२३ मध्ये इंग्लंडमधून एकोणीस दिवसांची रजा घेऊन आलो आणि माझ्या जबड्याच्या हाडाने त्या एकोणीस दिवसांत बसावं असा हट्ट धरला.

गोष्ट दोन दाढांची. खालची डावी दाढ बरीच वर्षं नव्हतीच. वरची उजवी, रूट कॅनाल झालेली, त्या उन्हाळ्यात उभी तडकली. रेडिंगमधल्या खासगी डेंटिस्टने एका इम्प्लांटचे कॅपसकट २,६०० पौंड सांगितले, म्हणजे दोन्हींचे ५,२००. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत तेव्हा कॅप, ब्रिज, कवळी या सगळ्याला मिळून ३०६.८० पौंड लागत. इम्प्लांट मात्र त्यात सहसा बसत नाही, आणि नवा पेशंट घेणारा सरकारी डेंटिस्ट मिळणं म्हणजे लॉटरी. मी सात ठिकाणी फोन केले. सातही ठिकाणी नकार.

रेडिंगमधल्या आमच्या गणपतीत आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत अर्ध्या गप्पा याच असतात. कुणी पुण्यात दात केले, कुणी नाशकात, कुणाच्या सासूबाईंची कवळी कोल्हापूरची. सगळे हसून दाखवतात. ज्यांचं बिघडलं ते त्या रांगेत बोलत नाहीत, हे मला स्वतःचं बिघडल्यावर कळलं. मीही पुढच्या वर्षी गप्पच होतो.

गजानन महाराज मंदिराकडून पुंडलिकनगर रस्त्याला लागलं की मेडिकल, मोबाइलवाले, झेरॉक्स आणि दातांचे दवाखाने यांची गणती करता येत नाही. आल्याच्या दुसऱ्या दिवशी वहिनीने तिच्या ओळखीच्या मॅडमकडे नेलं. मॅडमनी ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे, काढायला लावला, आरव्हीजीवर, म्हणजे छोट्या डिजिटल एक्स-रेवर, वरची दाढ पाहिली, शुगर विचारली, हाडांच्या ठिसूळपणाची गोळी चालू आहे का तेही विचारलं. हा प्रश्न मला तेव्हा उगाच वाटला. पण त्यातल्या काही औषधांमुळे दाढ काढल्यावर जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो. रक्त पातळ ठेवणारी गोळी घेणाऱ्यांनीही ती आधी सांगायची असते, आणि परस्पर बंद करायची नसते. मग मॅडम म्हणाल्या, “सर, या वेळी वरची दाढ काढू आणि खाली फक्त स्क्रू बसवू. कॅप पुढच्या ट्रिपला. वरचं त्यानंतर बघू.”

“पुढची ट्रिप वर्षभराने.”

“मग वर्षभराने. त्याने काही बिघडत नाही.”

मला ते बिनकामाचं वाटलं. रजा एवढी, तिकीट एवढं महाग, आणि परत जायचं ते तोंडात दोन खड्डे घेऊन? घरी आलो तर आईने विचारलं, काय म्हणाल्या. मी सांगितलं. ती म्हणाली, “बरोबर हाय. हाड काय कुकरमधी शिजतं का?” मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं आणि दोन दिवसांनी त्याच रस्त्यावर दुसऱ्या दवाखान्याची पायरी चढलो. तिथे मी पहिला प्रश्न विचारला तो हा: एकोणीस दिवसांत होईल का? ज्या माणसाला फक्त ‘हो’ ऐकायचंय त्याला ‘हो’ म्हणणारा कुठेतरी भेटतोच.

आता थोडं त्या स्क्रूविषयी, कारण माझी चूक त्याच्याशिवाय कळणार नाही. पेर-इंग्वार ब्रोनेमार्क या स्वीडिश संशोधकाने १९५०च्या दशकात सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमचं एक बारीक उपकरण बसवलं होतं, हाड कसं भरून येतं ते पाहण्यासाठी. प्रयोग संपल्यावर ते काढायला गेला तर निघेना. हाड त्या धातूला धरून बसलं होतं. १९६५ मध्ये त्याने पहिल्या माणसाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. आजच्या इम्प्लांटचा सगळा व्यवहार या ‘धरून बसण्यावर’ उभा आहे, आणि त्याला वेळ लागतो. खालच्या जबड्याचं हाड घट्ट, तिथे साधारण तीन महिने. वरच्या मागच्या भागातलं हाड पोकळसर आणि त्याच्यावर लगेच सायनसची पोकळी, तिथे चार ते सहा महिने. तोवर स्क्रूला हिसके बसले की हाडाऐवजी भोवती मऊ पेशींचं आवरण तयार होतं आणि स्क्रू हलू लागतो. लगेच दात बसवण्याची पद्धत खोटी नाही. पुढच्या दातांत, किंवा अनेक स्क्रू एकमेकांना जोडून, पकड मोजून ती केली जाते. पण वरच्या जबड्यात, त्याच दिवशी दाढ काढलेल्या जागी, एकट्या स्क्रूवर आठ दिवसांत चावायची कॅप? हे मी आज सांगतोय. तेव्हा मी पंख्याखाली बसून कॅपच्या रंगाचे नमुने बघत होतो.

स्क्रू बसवणारे ‘सर’ बाहेरून येणारे होते, आठवड्यातून एकदा. मास्कवरचे डोळे सोडले तर मी त्यांना पाहिलंही नाही. त्यांचं नाव आजही मला माहीत नाही. चिठ्ठीवर दवाखान्याचं नाव होतं, त्यांचं नव्हतं. मीही विचारलं नाही. आपण पंक्चर काढतानासुद्धा पोऱ्याला नाव विचारतो. बाहेरचे तज्ज्ञ बोलावणं गैर नाही, बरेच चांगले दवाखाने तसंच करतात. पण कामाला हात कोण लावणार, त्यांचं शिक्षण काय, महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक काय, आणि ते नसतील त्या दिवशी काही झालं तर कोण बघणार, हे खुर्चीवर आडवं होण्याआधी विचारायचं असतं. आडवं झाल्यावर तोंडात कापूस असतो.

सगळे मिळून १,०५,००० रुपये झाले. “कॅश असेल तर पाच हजार कमी करतो,” असं काउंटरवर सांगितलं तेव्हा मी आनंदाने एटीएम गाठलं. पाच हजार वाचले आणि बिल गेलं. पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केलंय. २०१९ च्या कायद्याने जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. मला तक्रार करायची होती की नाही हा वेगळा प्रश्न. माझ्याकडे दाखवायला कागदच नव्हता.

आठव्या दिवशी कॅपा बसल्या. दहाव्या दिवशी दादाच्या मित्राच्या शेतात हुरडा पार्टी. डिसेंबरात मराठवाड्यात येऊन हुरडा न खाणं म्हणजे पंढरपूरला जाऊन कळस पाहून परतणं. मऊ खा असं दवाखान्यात सांगितलं होतं. गरम हुरडा मऊच की! पण त्याबरोबर शेंगदाण्याची चटणी असते, गुळाचा खडा असतो, बोरं असतात, आणि “अरे, घे ना” म्हणणारी दहा माणसं असतात. सुट्टी आणि शस्त्रक्रिया एकाच वेळी घेणाऱ्याने हे आधीच धरून चालावं की त्याचं पथ्य घरातलं कुणीही पाळू देणार नाही. प्रेमानेच, पण नाही.

परतीला चिकलठाणा विमानतळावरून मुंबई, मुंबईहून लंडन. दुसऱ्या विमानात उजव्या गालाच्या आत कुणी बोटाने दाबून धरावं तसं नऊ तास वाटत राहिलं. सायनसजवळ काम झालं असेल तर विमान कधी चालेल, नाक जोरात शिंकरायचं का, हे डॉक्टरांना विचारावं लागतं. मी रात्रीची फ्लाइट आहे एवढंच सांगितलं होतं.

फेब्रुवारीत वरची नवी दाढ जिभेला हलताना जाणवली. मार्चमध्ये हिरडीतून पू आला. रेडिंगच्या डेंटिस्टने पाहिलं आणि विचारलं, कुठल्या कंपनीचा इम्प्लांट? मी म्हणालो, चांगल्या. लांबी, जाडी? मी मोबाइलमधला ओपीजीचा फोटो दाखवला, त्यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब माझ्या दातांपेक्षा स्पष्ट होतं. तपासणीचे ९५, स्कॅनचे १२० आणि तो हलणारा स्क्रू काढण्याचे १८० पौंड. खालचा इम्प्लांट हाडाने धरला होता, पण कॅप ज्या बारीक स्क्रूने बसते तो सैल झाला होता. दोन मिनिटांचं काम. पण कंपनीगणिक त्या स्क्रूचं तोंड वेगळं, पाना वेगळा. कंपनी माहीत नसताना त्यांनी हात लावला नाही. नंतर काही मोडलं तर जबाबदारी त्यांची, आणि काम दुसऱ्याचं. मला राग आला होता. आज त्यांच्या जागी मी असतो तर मीही लावला नसता.

त्या चौकोनी स्टिकरसाठी मी किती फोन केले! इम्प्लांटच्या डबीत सहसा स्टिकर असतात. त्यावर कंपनी, जाडी, लांबी, लॉट नंबर. एक दवाखान्याच्या फायलीत, एक पेशंटच्या कार्डावर लावायचं असतं. पुतण्याला दवाखान्यात पाठवलं. “फाइल सापडत नाहीये आणि ते सर आता आपल्याकडे येत नाहीत,” असा निरोप आला. माझ्याकडे होतं ते झिर्कोनियाच्या कॅपचं दहा वर्षांच्या गॅरंटीचं कार्ड, सोनेरी अक्षरांत. गॅरंटी कॅपची असते. खालच्या हाडाची नसते आणि विमानाच्या तिकिटाची तर नसतेच.

ऑक्टोबर २०२४ मध्ये दिवाळीला आलो तेव्हा पुन्हा मॅडमच्या दारात उभा राहिलो. आपलेच दात, आपलेच ओठ. कुणाची तक्रार कुणाकडे करणार? त्या काही बोलल्या नाहीत, हे जास्त लागलं. यावेळी मी येण्याआधी दीड महिना रेडिंगचं स्कॅन पाठवलं होतं. फोटो नव्हे, मूळ फाइल, जी उघडून आडवी-उभी फिरवता येते. त्यांनी व्हॉट्सॲपवर तारखांसकट लेखी सांगितलं: कुठल्या दिवशी काय, मधले किती दिवस लॅबला, आणि शेवटचा आठवडा मोकळा ठेवा. खालच्या स्क्रूची ठेवण त्यांनी एक्स-रेवरून ओळखली, जुळणारा पाना मागवला, चावा उंच झालेली कॅप बदलली. वरच्या जागेविषयी म्हणाल्या, “हाड भरायचं, सहा महिने थांबायचं, मग इम्प्लांट, मग पुन्हा सहा महिने. नाहीतर तुमच्या रजेत बसेल असा ब्रिज.”

मी ब्रिज घेतला. त्यासाठी शेजारचे दोन दात घासावे लागले. त्यातल्या एकात आधीच फिलिंग होतं. दुसरा धडधाकट होता, त्याला कधी कीड शिवली नव्हती. तो घासताना मशीनचा आवाज ऐकत मी डोळे मिटून हिशेब करत होतो. पहिल्या वेळचे लाखभर, रेडिंगचे ३९५ पौंड, दुसरं तिकीट ६८० पौंड, आताचे ३८ हजार. सगळं मिळून अडीच हजार पौंडांच्या आत. म्हणजे इतकं होऊनही मी इंग्लंडमधल्या दराच्या निम्म्यातच होतो. हेच तर सांगायला अवघड आहे. गावाकडचा उपचार महाग पडला असं मी म्हणू शकत नाही. एक चांगला दात घासला गेला आणि दहा महिने एका बाजूने चावलं, ते या आकड्यांत कुठे मांडायचं ते मला कळत नाही. आणि ब्रिज म्हणजे तोच, २०२३ मध्ये सरकारी डेंटिस्ट मिळाला असता तर ३०६.८० पौंडांत झाला असता तो.

म्हणून कुणी विचारलं तर मी येऊ नका असं म्हणत नाही. दात साफ करणं, फिलिंग, रूट कॅनाल आणि त्यावरची कॅप, ब्रिज, कवळी हे तीन आठवड्यांत नीट होतं, पहिल्या दोन दिवसांत सुरुवात केली तर. लॅबचे पाच-सात दिवस धरा, मध्ये सण आला तर जास्त. निळा कागद चावायला देऊन कॅप घासून बसवण्याचं काम एका खेपेत संपत नाही. नवी कॅप दोन दिवस जेवल्यावरच कुठे टोचते ते सांगते, म्हणून शेवटचा आठवडा मोकळा. इम्प्लांट करायचाच तर दोन ट्रिप धरूनच तिकिटाचा हिशेब करा. आणि निघण्याआधी परदेशातल्या आपल्या डेंटिस्टला विचारून घ्या की परत आल्यावर तुम्ही याची देखभाल कराल का. त्यांचं ‘नाही’ विमानात बसण्याआधी ऐकलेलं बरं. दोन मतं जुळत नसतील तर तिसरं घ्या. आमच्या शहरात घाटी रुग्णालयाच्या परिसरात शासकीय दंत महाविद्यालय आहे. मी शहराचाच असून दुसरं मत विचारायला तिथे गेलो नाही, रांगेत सकाळ जाईल म्हणून. एक सकाळ!

परवा आमच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत मी पहिल्यांदा हे सगळं सांगितलं. जालन्याकडचा एक मुलगा शांतपणे ऐकत होता. म्हणाला, “काका, त्या मॅडमचा नंबर द्या ना. मलाही एक इम्प्लांट करायचाय.”

“रजा किती आहे?”

“सोळा दिवस.”

“मग आधी स्कॅन पाठव. त्या काय सांगतात ते बघ. तिकीट नंतर.”

तो हसला. तिकीट त्याने काढलेलं होतं.