इंग्रजीतील ‘बाय’ व मराठीतील ‘पर्यंत’

‘मी पाच वाजेपर्यंत येईन’ या वाक्याचे इंग्रजी करावयास सांगितले असता वर्गातील बहुतेक मुले ‘आय विल कम टिल फाइव्ह’ असे लिहितात. शिक्षक तांबडी रेघ ओढून पुढील वाक्याकडे वळतात. मुलास मात्र आपले चुकले कोठे हे उमगत नाही. कारण ‘टिल म्हणजे पर्यंत’ हे त्याने फळ्यावरूनच उतरून घेतलेले असते.

येथे दोष मुलाचा नव्हे. मराठीतील ‘पर्यंत’ हे एकच शब्दयोगी अव्यय दोन निराळी कामे करते. ‘पाच वाजेपर्यंत थांबेन’ यातील थांबणे पाचापर्यंत अखंड चालते. तेथे ‘टिल’ हवे. ‘पाच वाजेपर्यंत येईन’ यातील येणे एकदाच घडावयाचे; ते चारास घडो वा पावणेपाचास, पाचापुढे जावयाचे नाही. तेथे ‘बाय’ हवे. क्रिया टिकणारी की एकदाच घडणारी, हा प्रश्न मुलांनी स्वतःस विचारावा.

‘मला हे पुस्तक सोमवारपर्यंत हवे’ हे वाक्य फळ्यावर लिहून अर्थ विचारावा. पुस्तक सोमवारच्या आत हाती यावे, की सोमवारी परत करावयाचे? मराठीत दोन्ही अर्थ संभवतात. इंग्रजीत ‘बाय मंडे’ म्हटले तर पहिला, ‘टिल मंडे’ म्हटले तर दुसरा. हा भेद कळलेला मुलगा पुन्हा सहसा चुकत नाही.

नकारार्थी वाक्यात मात्र सावध राहावे. ‘पाच वाजेपर्यंत येऊ नकोस’ याचे इंग्रजी ‘डोन्ट कम टिल फाइव्ह’ असेच होते. येणे एकदाच घडत असले तरी न येणे ही टिकणारी स्थिती आहे.

‘ने’ या प्रत्ययाचीही अशीच गत आहे. ‘गोपाळने पत्र लिहिले’ हे कर्मणी रचनेत मांडताना ‘बाय गोपाळ’, पण ‘सुरीने कापले’ येथे ‘विथ अ नाइफ’. ‘एसटीने गेला’ येथे ‘बाय बस’. मात्र मामाच्या गाडीने गेला असेल तर ‘इन हिज अंकल्स कार्ट’. वाहनाचा केवळ प्रकार सांगावयाचा असेल तेव्हाच ‘बाय’, आणि त्यापुढे ‘अ’ किंवा ‘द’ येत नाही.

‘बाय’चा मूळ अर्थ ‘जवळ’ असा असून ‘बाय द वेल’ म्हणजे विहिरीशेजारी. ‘बिफोर’, ‘बिहाइन्ड’, ‘बिलो’, ‘बिट्वीन’ यांच्या आरंभीचा ‘बि’ हे त्याचेच जुने रूप होय. ‘बिसाइड’ म्हणजे बाजूस. शेवटी ‘स’ लागून ‘बिसाइड्स’ झाले की अर्थ ‘शिवाय’. ‘बाय-लॉ’मधील ‘बाय’ मात्र या कुळातील नसावा. तो बहुधा ‘गाव’ या अर्थाच्या जुन्या नॉर्स शब्दावरून आला. इंग्लंडातील डर्बी, व्हिटबी या ग्रामनामांच्या अंती असलेला ‘बी’ तोच.