सामाजिक परिवर्तन आणि समाजाचे स्वास्थ्य

लखनौच्या उत्तरेस, सीतापूर रस्त्याच्या बाजूला, जानकीपुरम ही विस्तीर्ण वसाहत आहे. जेथे पूर्वी शेते आणि खेडी होती तेथे आज भूखंड, पक्की घरे आणि रस्ते दिसतात. १९५१ च्या जनगणनेत लखनौची लोकसंख्या सुमारे ५ लाख होती. २०११ मध्ये ती २८ लाखांच्या वर गेली. अशा वाढीतूनच ही उपनगरे जन्माला येतात. येथे अभ्यासकापुढे साहजिकच प्रश्न उभा राहतो : राहणीमान बदलले, पण माणसांचे स्वास्थ्य वाढले काय?

घर, वीज, पाणी यांची मोजदाद करता येते. परंतु अडीअडचणीच्या वेळी माणूस कोणाच्या दाराशी जाऊ शकतो, हे कोणत्याही नोंदवहीत सापडत नाही. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुरखीम याने १८९७ मध्ये आत्महत्येवरील आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, आर्थिक अरिष्टाप्रमाणेच अकस्मात भरभराटीच्या काळातही आत्महत्यांचे प्रमाण वाढते. त्याच्या मते याचे कारण केवळ दारिद्र्य नव्हे. परिवर्तनाच्या वेगात समाजाचे नियमन सैल पडते आणि व्यक्तीला आधार उरत नाही.

लखनौ विद्यापीठात १९२१ पासून अध्यापन करणारे राधाकमल मुखर्जी यांनी माणूस, भूमी आणि समुदाय यांचा विचार एकत्रितपणे केला. १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय कामगारवर्गावरील ग्रंथात त्यांनी वेतनाबरोबर कामगारांच्या वस्तीचा व राहणीचाही विचार केला. केवळ मिळकतीवरून माणसाचे क्षेमकुशल ठरविता येत नाही, हाच याचा अर्थ होय.

मराठी वाचकास याचा प्रत्यय मुंबईच्या गिरणगावात येईल. कोकणातून व घाटावरून एकटे आलेले अनेक कामगार खाणावळीत जेवत. त्या खाणावळी बहुधा स्त्रिया चालवीत. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. कामगारांचे वेतन थांबले, तशी खाणावळवालीची मिळकतही थांबली. मात्र गिरणीच्या हजेरीपटावर तिचे नाव कधीच नव्हते. जो केवळ हजेरीपट पाहील त्याला या हानीचा अर्धाच हिशेब कळेल.

तथापि जुन्या समुदायाचे गोडवे गाणे हेही शास्त्रीय नव्हे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्यांच्या उदात्तीकरणावर कठोर टीका केली होती. ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवले त्यांच्यासाठी शहरातील अनोळखीपणा हीच एक प्रकारची मुक्तता होती. तेव्हा एकच परिवर्तन एकाचा आधार हिरावते आणि दुसऱ्याची बेडी तोडते. संपूर्ण वस्तीची सरासरी काढली की हे दोन्ही अनुभव एकमेकांत लोपून जातात.

म्हणून जानकीपुरमसारख्या वसाहतीचा अभ्यास करणाऱ्याने एका भेटीवर संतुष्ट राहू नये. ज्याची जमीन गेली तो शेतकरी, नव्या घरात आलेला नोकरदार, त्या घरी धुणीभांडी करणारी स्त्री आणि दिवसभर एकटे राहणारे वृद्ध या सर्वांना त्याने वेगवेगळे भेटावे, आणि काही वर्षांनी पुन्हा भेटावे. परिवर्तनाने समाजाचे भले झाले काय, असे विचारण्यापूर्वी ते कोणाचे झाले, हे विचारणे अगत्याचे आहे.