जंगलाचे राखणदार

‘आदिवासी अडाणी असतात, ते जंगल तोडतात,’ असे तुम्ही ऐकले असेल. हे खरे आहे का? चला, गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावी जाऊ.

या लहानशा गावात गोंड आदिवासी राहतात. भोवती जंगल आहे. बांबू, मोहाची फुले, तेंदूपाने, मध यांवर त्यांचा संसार चालतो. गावाचे निर्णय ग्रामसभेत सर्वांच्या संमतीने होतात. फळझाड तोडायचे नाही, जंगलाला आग लावायची नाही, असे नियम गावानेच केले.

पूर्वी येथील बांबू कागद कारखान्याला जाई. २००६ साली वनहक्क कायदा झाला. २००९ साली गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ पासून ग्रामसभा स्वतः बांबू विकू लागली.

ज्यांची भाकरी जंगलातून येते, ते जंगल का उजाडतील? आता विचार करा. तुम्हाला न भेटताच कोणी तुमच्याविषयी वाईट मत बनवले, तर तुम्हाला कसे वाटेल?

शब्दार्थ : राखणदार – रखवाली करणारा; संमती – होकार; सामूहिक – सर्वांचा मिळून.

प्रश्न : गावाने जंगलासाठी कोणते नियम केले?