हद्दपार आयकी सॉलोमन

चोरी करणाऱ्यास सारे जग चोर म्हणते. परंतु चोरीचा माल जाणूनबुजून विकत घेणाऱ्याचा अपराध पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. त्याने कोणाचे कुलूप फोडलेले नसते, की कोणाच्या खिशात हात घातलेला नसतो. तथापि घेणाराच नसेल, तर चोराने चोरलेला माल विकावा कोठे? म्हणूनच इंग्लंडच्या कायद्यात अशा माणसालाही समुद्रापार हद्दपार करण्याची शिक्षा होती.

१७८८ ते १८६८ या काळात ब्रिटनने सुमारे १,६०,००० कैदी ऑस्ट्रेलियात पाठविले. कैद्याची उंची, डोळ्यांचा रंग, धंदा, गुन्हा, वागणूक हे सारे नोंदवह्यांत लिहिले जाई. या नोंदींना युनेस्कोने २००७ साली जगाच्या स्मृतिठेव्यात स्थान दिले. त्यांच्या आधारे कित्येक कैद्यांची जीवनवाट आजही शोधता येते. आयकी सॉलोमन हा त्यांपैकीच एक.

आयकीचा जन्म लंडनमध्ये सुमारे १७८७ साली झाला. १८१० साली पाकीट चोरल्याबद्दल त्याला जन्मभर हद्दपारीची शिक्षा झाली. परंतु परमुलखी न धाडता त्याला जुन्या जहाजावरील तुरुंगात ठेवण्यात आले. काही वर्षांनी तो बाहेर पडला आणि चोरीच्या मालाचा मोठा व्यापारी बनला.

१८२७ साली तो पकडला गेला. न्यायालयातून तुरुंगाकडे परत नेताना तो ज्या भाड्याच्या घोडागाडीत बसला, तिचा गाडीवान त्याचाच सासरा होता! आयकी वाटेतच निसटला आणि डेन्मार्कमार्गे अमेरिकेस पोहोचला.

आयकी सुटला, पण त्याचे घर सुटले नाही. चोरीचा माल घेतल्याबद्दल त्याची पत्नी अ‍ॅन हिला चौदा वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा झाली. १८२८ साली ती लहान मुलांसह व्हॅन डीमेन्स लँड या बेटावर आली. हेच आजचे टास्मानिया. मुलांच्या नावे कोणताही गुन्हा नव्हता. तरी आईबरोबर तीही जगाच्या दुसऱ्या टोकाला गेली.

हे वृत्त कळताच आयकीने एक विलक्षण गोष्ट केली. ज्या बेटावर इतरांना बेड्या घालून आणीत, तेथे तो त्याच वर्षी आपण होऊन, खोटे नाव धारण करून आला. होबार्ट गावात कित्येकांनी त्याला ओळखले. पण अटकेचे वॉरंट नसल्याने गव्हर्नरचा नाइलाज झाला. पुढे लंडनहून वॉरंट आले. आयकीला पकडून इंग्लंडला नेण्यात आले. १८३० साली त्याला चौदा वर्षांची शिक्षा झाली आणि १८३१ साली तो पुन्हा होबार्टला आला. या खेपेस मात्र कैदी म्हणून.

१८३५ साली त्याला काही अटींवर तुरुंगाबाहेर राहण्याची परवानगी मिळाली. ज्यांच्यासाठी त्याने एवढे महासागर ओलांडले, ती माणसे आता जवळ होती. परंतु मधल्या वर्षांत मने दुरावली होती. घरात कलह माजला आणि संसार मोडला. १८४४ साली तो पूर्णपणे मुक्त झाला. मात्र मोडलेले घर पुन्हा उभे राहिले नाही. १८५० साली तो मरण पावला. एके काळी ज्याच्या हातून अफाट माल फिरला, त्याच्यामागे सत्तर पौंडांचीही मालमत्ता उरली नाही.

आयकीला कुटुंबाची ओढ नव्हती, असे कोण म्हणेल? पण नुसत्या ओढीने घर तरत नाही. त्याला सचोटीचा आधार लागतो. नोंदवहीत त्याचा गुन्हा एका ओळीत मावला; त्याची झळ मात्र साऱ्या कुटुंबाला आयुष्यभर सोसावी लागली.

स्वाध्याय

१. चोरीचा माल घेणाऱ्याला अपराधी का मानतात?
२. 'आयकी सुटला, पण त्याचे घर सुटले नाही,' या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
३. कैद्यांच्या नोंदवह्यांत कोणती माहिती लिहीत?