दोर ओढायच्या आधी बोल

सांदणला जायचं म्हणतेस, तर जा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना ताई आडवी येतेय असं तुला वाटणार नाही. सिल्लोडच्या पोरींनी पाठीवर सॅक टाकून मित्रमैत्रिणींबरोबर तीन दिवस डोंगरदऱ्यांत जावं, हे मला मनापासून हवंय. आपल्याकडे मुलींचं फिरणं म्हणजे लग्नकार्य, देवदर्शन आणि फार तर कॉलेजची सहल. तुला त्यापलीकडचं बघायला मिळणार आहे, याचा मला फार आनंद आहे. फक्त काही गोष्टी आपल्या दोघींत बोलून ठेवू.

रील्समध्ये सांदण दरी कशी दिसते ते मला माहीत आहे. दोन काळे कडे, मधे आभाळाची पट्टी आणि हात पसरून उभी असलेली एखादी मुलगी. पण तिथली जमीन तू नीट समजून घे. अकोले तालुक्यातलं साम्रद हे गाव रतनगडाच्या पलीकडे, अगदी सह्याद्रीच्या काठावर आहे. गावाबाहेर थोडं चाललं की पठाराला मोठी चीर पडलेली दिसते. काळ्या बेसॉल्टमधली ही घळ वरून पाण्याने कापत नेली आहे आणि ती थेट कोकणाच्या बाजूला उतरते. दोन्ही कडे दोनशे-तीनशे फूट उंच. काही जागी वाट इतकी अरुंद की दोन माणसं शेजारीशेजारी चालू शकत नाहीत. सुरुवातीला पिण्याच्या पाण्याचा झरा लागतो, मग गार पाण्याचे दोन डोह. त्यातला एक गुडघा-मांडीपर्यंत, दुसरा महिन्यानुसार कमरेच्या वर. त्यापुढे सगळे धोंडेच. हातांनी धरत, बसत, घसरत उतरायचं. आणि मग येतो पहिला सरळ कडा, साधारण 45 फुटांचा. तिथे दोर लागतो.

आता माझं मुख्य सांगणं ऐक. त्या कड्यापर्यंत गेलेला माणूस आल्या वाटेने साम्रदला परत येऊ शकतो. एका दिवसासाठी येणारे कितीतरी लोक तिथूनच मागे फिरतात. पण तुमचा शेवटचा गडी खाली उतरला आणि दोर ओढून घेतला, की मागची वाट बंद. पुढे आणखी दोन छोटे कडे, मग खालचा मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी करोली घाट चढून साम्रद. डावी-उजवीकडे निसटायला जागा नाही. फोनला रेंज नाही. म्हणून ‘मला बरं वाटत नाही’, ‘पाय मुरगळलाय’, ‘मला भीती वाटतेय’ यातलं जे काही असेल ते त्या कड्यावर बोलायचं. तिथे गप्प राहिलीस, तर पुढचा दीड दिवस ते सगळं पाठीवर वाहावं लागेल.

आणि मला माहीत आहे, तू गप्प राहशील. आपण सगळ्याच राहतो. आठ-दहा जण निघालेत, वर्गणी भरलीये, गाडी ठरलीये, आता माझ्या एकटीमुळे सगळ्यांचा विचका कशाला, असं मनात येतं. दुखत असलं तरी आपण हसतो. घरातसुद्धा हेच करत मोठ्या झालो ना आपण. म्हणून निघायच्या आधीच, इथे सिल्लोडात बसूनच, ग्रुपवर एक प्रश्न टाक. कड्यावर कुणी नको म्हणालं, तर त्याच्यासोबत मागे कोण फिरणार? दोन नावं आधीच ठरवून घ्या. त्या प्रश्नाला कोण काय उत्तर देतं, त्यावरून कुणाबरोबर जातेयस ते तुला कळेल. जी मैत्रीण ‘मी येईन’ असं पटकन म्हणेल, तिच्याच शेजारी झोपायची मॅट टाक. जो ‘एवढी भीती वाटते तर येतेस कशाला’ म्हणेल, त्याच्या भरवशावर कुठलाही निर्णय सोडू नकोस, मग तो कितीही डोंगर फिरलेला असो.

उतरताना काय होतं तेही सांगते, म्हणजे तिथे दचकणार नाहीस. कंबरेला हार्नेस बांधतील, त्याचे पट्टे स्वतः ओढून बघ. कॅराबिनरचा स्क्रू फिरवून बंद झालाय ना, तो स्वतःच्या बोटांनी तपास, बांधणाऱ्याने तपासला असला तरी. वेणी घट्ट घालून टी-शर्टच्या आत टाक, कारण डिसेंडरमध्ये, म्हणजे दोर ज्यातून सरकतो त्या कडीत, केस अडकले की मधेच लटकून राहावं लागतं आणि ते फार वेदनेचं असतं. ओढणी, स्कार्फ, गळ्यातली चेन सगळं सॅकमध्ये. डोक्यावर हेल्मेट हवंच, वरच्याच्या पायाखालून छोटा दगड सुटला तरी पुरे. मग दरीकडे पाठ करून काठावर उभी राहशील. पहिली दोन पावलं सगळ्यात अवघड. शरीर कड्याला चिकटायला बघतं आणि चिकटलं की पाय घसरतात. उलट मागे कलायचं, खुर्चीत बसल्यासारखं, पाय खांद्याएवढे फाकवून कड्यावर सपाट टेकायचे. खालचा दोर धरलेला हात नितंबापाशी ठेवायचा आणि काही झालं तरी सोडायचा नाही. त्याशिवाय तुझ्यासाठी दुसरा सुरक्षेचा दोर कुणी सांभाळतंय का, हे आधी विचार. तो नसेल तर उतरू नकोस.

घेऊन जाणाऱ्यांची चौकशी आत्ताच करा. 2021 मध्ये राज्य सरकारने साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात अशा संस्थांनी नोंदणी करायची आहे. नोंदणी दाखवा, प्रथमोपचार शिकलेलं कोण आहे, दोर किती जुना आहे, असं सरळ विचारायचं. विचारल्यावर जो चिडतो त्याच्यासोबत जायचं नाही. साम्रदमधला एखादा गावकरी वाटाड्या म्हणून घ्याच. दरीचं पाणी, दगड आणि आभाळ त्यांच्याइतकं कुणालाच कळत नाही.

आभाळाचं तर विशेष. पावसाळ्यात सांदण नाहीच, हे तुला माहीत आहे. पण हिवाळ्यात आणि मार्चमध्येही आपल्याकडे अवकाळी येतोच, मका भिजलेला तू दर दोन-तीन वर्षांनी बघतेस. अरुंद घळीत धोका असा की आपल्या डोक्यावर ऊन असतं आणि वरच्या पठारावर पडलेला पाऊस लोंढा होऊन घळीत उतरतो. अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटात अँटिलोप कॅनियन आहे. 12 ऑगस्ट 1997 रोजी तिथे कित्येक मैलांवर झालेल्या वादळी पावसाचा लोंढा आला आणि 11 पर्यटक गेले. ते उभे होते तिथे पाऊस जवळपास नव्हताच. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी हवामान खात्याचा अंदाज बघायचा, आणि साम्रदची माणसं ‘आज नको’ म्हणाली तर पैसे बुडाले तरी उतरायचं नाही. जानेवारी आणि फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा मला सगळ्यात बरा वाटतो. डोह ओसरलेले असतात आणि ऊन अजून चढलेलं नसतं.

घरी काय सांगायचं? खरं सांगायचं. कॉलेजचा कॅम्प आहे असं सांगून जाऊ नकोस. नीतीच्या गोष्टी मी सांगत नाही, साधा हिशोब सांगते. काही झालं आणि शोधायला निघायची वेळ आली, तर लोक तुला भलतीकडे शोधतील. 2003 मध्ये ॲरन राल्स्टन नावाचा अमेरिकन तरुण युटामधल्या ब्लूजॉन कॅनियनमध्ये एकटा गेला, कुठे जातोय ते कुणालाच न सांगता. सुटलेला धोंडा आणि कडा यांच्यामध्ये त्याचा हात अडकला. पाच दिवस कुणी आलं नाही, कारण कुठे यायचं तेच कुणाला ठाऊक नव्हतं. शेवटी स्वतःचा हात कापून तो बाहेर पडला. त्याच्यावर ‘127 अवर्स’ सिनेमा निघाला, संगीत आपल्या रहमानचं आहे. बघ एकदा, निघायच्या आधी.

आई आधी नाही म्हणेल. पप्पा गप्प बसतील, आणि त्यांचं गप्प बसणं जास्त जड जातं हे मला माहीत आहे. त्यांना नकाशा दाखव, नोंदणीचा कागद दाखव, सोबतच्या मुलींच्या घरच्यांशी बोलणं करून दे. आईला नेमकी कसली भीती वाटते ते विचार. बहुतेकदा ती दरीची नसते, लोकांच्या बोलण्याची असते. त्यासाठी मी बोलेन तिच्याशी, ते माझ्यावर सोड.

सरावाला लांब जायला नको. आपलं जंजाळा आहे ना. उंडणगाव, अंभईवरून जा, पठारावरचा किल्ला बघ आणि दरीत उतरून घटोत्कच लेण्यांपर्यंत ये. वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव, ज्याने अजिंठ्याचं 16 नंबरचं लेणं करवलं, त्याचाच शिलालेख इथेही आहे. पाचव्या शतकातलं इतकं मोठं काम आपल्या भागात आहे आणि आपल्यातल्या निम्म्या जणींनी ते बघितलेलं नसतं. पाठीवर आठ किलोची सॅक घेऊन उतर आणि चढ. उतरताना गुडघे काय म्हणतात ते बघ, बूट अंगठ्याला लागतात का ते बघ. पुढच्या रविवारी हळद्याच्या घाटात जाऊन वेताळवाडीचा किल्ला कर. लेण्यांत आणि किल्ल्यांवर आग्या मोहोळ असतं, तिथे अत्तर, डिओ, धूर, आरडाओरडा काहीच नको.

तुला वाटेल सांदणमध्ये ऊन लागेल आणि घाटात सावली. होतं उलटं. घळीत ऊन जेमतेम दुपारी पोचतं, डोहातून बाहेर आलं की हुडहुडी भरते, म्हणून कोरड्या कपड्यांचा जोड आणि मोजे प्लॅस्टिकमध्ये बांधून ठेव. भाजतो तो दुसऱ्या दिवशीचा करोली घाट. उजाडल्याबरोबर निघालात तरच बरं. प्रत्येकीजवळ किमान तीन लिटर पाणी, ओआरएसच्या पुड्या, गूळ-शेंगदाणे, आणि खालचं पाणी उकळूनच.

पाळी आली तर घाबरू नकोस. त्यासाठी बेत मोडायचं कारण नाही, आणि डॉक्टरांना न विचारता पाळी पुढे ढकलायच्या गोळ्याही घ्यायच्या नाहीत. पॅड जास्तीची ठेव, वापरलेली कागदात गुंडाळून झिपच्या दुहेरी पिशवीत घालून परत आण. शौचाला पाण्यापासून लांब, मैत्रिणीला सांगून, हेडटॉर्च घेऊन जा. लाज वाटते म्हणून पाणी कमी पिणाऱ्या मुली असतात, त्यांना घाटात चक्कर येते. तू तसं करू नकोस.

आणि मुक्कामाला रात्री कुणी बाटली काढली तर ‘आमच्यात नको’ असं आधीच ठरलेलं असू दे. दुसऱ्या दिवशी चढ आहे, ती हौस तिथे महागात पडते. मुलींनी मुलींबरोबर तंबूत झोपायचं. कुणाचं बोलणं, हात लावणं खटकलं तर तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर बोल. बिचाऱ्याला वाईट वाटेल वगैरे विचार करत बसू नकोस.

आज रात्री मला तीन गोष्टी पाठव: येणाऱ्या सगळ्यांची नावं आणि घरचे नंबर, नेणाऱ्यांच्या नोंदणीचा फोटो, आणि साम्रदला परत पोचायची ठरलेली वेळ. माझी हेडटॉर्च आणि झोपायची मॅट कपाटाच्या वरच्या खणात आहे, ती घेऊन जा. बूट मात्र माझे घालू नकोस, तुला एक नंबर मोठे होतील. संभाजीनगरला जाऊन तुझ्या मापाचे घे आणि निघायच्या आधी निदान पंधरा दिवस पायात वापर.